चार दांडे कमी

आमचे हे, म्हणजे गुणवंतराव भांडेकर, चौतीस वर्षं एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. गडचिरोलीतल्या कोणत्याही जुन्या ड्रायव्हरले विचारून पाहा. धानोऱ्याहून येणारी गाडी फाटकातून आत शिराच्या आधीच हे सांगत, "हिचा डिझेलपंप गेला." उघडून पाह्यलं की तेच निघे. ह्यायच्या कानाले सारा डेपो मानत होता.

असा माणूस घरात असला म्हणजे बाईले मोठं सुख असन, असं वाटते लोकायले. काही सुख नाई बाप्पा! मिक्सर घरघरला तरी दोष माह्याच, की तू भांडं जास्त भरते. धानोरा रोडवर माह्यी खानावळ आहे. रोज साठ ताटं निघतात, हापिसातले साहेब लोक माह्या हातची वांग्याची भाजी बोटं चाटून खातात. पण घरात माह्यं डोक्शं म्हणजे नुसतं पदर घ्यासाठी.

मंग हे रिटायर झाले. नव्या गाड्यायमध्ये कॉम्प्युटर आले होते, त्यामुळं डेपोतून विचारपूस करणारे फोनही हळूहळू बंद झाले. आठ महिने हा माणूस खाटेवर पडून छताच्या पंख्याकडे पाहात राह्यला. जेवा म्हटलं की जेवत, उठा म्हटलं की उठत. माह्याशी भांडतही नव्हते. नवरा भांडाचं सोडते तेव्हा बाईले खरी भीती वाटते. मी रातच्याले उठून त्यायच्या नाकापाशी हात धरून पाह्यची, श्वास चालू आहे का म्हणून.

आमची पोरगी दिव्यानी नागपूरले कंपनीत आहे. दिवाळीले आली, बापाची दशा पाह्यली, आन आपला मोठा कॉम्प्युटर इथीच ठेवून गेली. त्यात तिनं विमान उडवाचा खेळ टाकून देल्ला. खेळ म्हटलेलं ह्यायले चालत नाई, सिम्युलेटर म्हणाचं. त्यात सत्तर वर्षांआधीचं चार पंख्यायचं प्रवासी विमान होतं. जेटले ह्यायनं हातही लावला नाई. म्हणे, "त्यात काय आहे? बटन दाबा न बसा." पण या जुन्या विमानाचं इंजिन म्हणजे खऱ्यासारखं. जास्त तापवलं की बिघडते. आन बिघडलं की तसंच राह्यते, दुसऱ्या दिवशी तेच बिघडलेलं इंजिन समोर. ह्यायले तेच पाह्यजे होतं!

पंधरा दिवसांत खाट सुटली. भंगारवाल्या कय्यूमभाईकडून जुन्या बशीची ड्रायव्हर सीट आणली, लोखंडी पट्ट्या आणल्या, जुन्या रेडिओचे आवाज कमीजास्त कराचे खटके आणले. मधल्या खोलीत ह्यायनं विमानाचा सारा पुढचा भाग उभा केला. माउस हातात धरणं त्यायले जमत नाई, म्हणून प्रत्येक इंजिनाले लोखंडाचे दांडे. हा पेट्रोलचा, हा जोर वाढवाचा, हा पंख्याच्या वेगाचा. दांडा खाली रेडिओच्या खटक्याले जोडलेला, तो हलला की कॉम्प्युटरातलं इंजिन ऐकते. शेजारपाजारचे पाहून जात आन मले म्हणत, "इंदुताई, तुमच्या घरी तर एअरपोर्ट झालं." मी वरून तोंड वाकडं करत होती, पण आतून, काऊन खोटं बोलू, छाती फुगली होती माह्यी.

दिव्यानीनंच ह्यायले एका ग्रुपमध्ये घातलं. असे जुने पंखेवाले विमान उडवणारे बारा जण, कोणी वर्धेचा, कोणी नागपूरचा. मुख्य चंद्रपूरचे मुजफ्फरसाहेब. त्यायनं सारी जिंदगी खऱ्या विमानाची इंजिनं दुरुस्त केली. आता तेही रिटायर. वर्धेवाल्याचं इंजिन उडाच्या आधीच फटफट करे. ह्यायनं फोनवर आवाज ऐकला आन सांगतलं, "उभ्या उभ्या इंजिन घुरघुरत ठेवता काय जी? प्लग काळे झाले तुमचे." तेच निघालं. दुसऱ्या एकाचं इंजिन खाली उतरता उतरता फुटे. ह्यायनं विचारलं, "जोराचा दांडा एकदम शून्यावर आणता ना? घाटात गाडी अशी सोडत नसतात, पंखाच इंजिनाले ओढत नेते मंग." तेही बरोबर. तेव्हापासून सारे ह्यायले फोरमनसाहेब म्हणू लागले. डेपोत चौतीस वर्षं घालून जे पद भेटलं नाई ते असं घरबसल्या भेटलं. फोन आला की हे उठून उभं राहून बोलत.

त्या ग्रुपात एक परीक्षा असते. मुजफ्फरसाहेब चंद्रपुरातून पडद्यावर सारं पाह्यतात, कानाले लावून ऐकतात, पण इशारा देत नाईत. त्या दिवशी आकाशात खरंच जशी हवा असन तशीच कॉम्प्युटरात घ्याची आन नागपूरहून कलकत्त्याले विमान न्याचं. एकही इंजिन बंद पडलं तर नापास. मौके तीन. पास झाला तो ग्रुपचा इंजिनिअर, बाकीच्यायले शिकवणारा. ह्यायले वाटलं, हातचा मळ आहे.

जुलैच्या पयल्या रविवारी बसले. नागपूरहून उठले, दहा हजार फुटांवर ढगात शिरले, आन रायपूरच्या अलीकडं तिसऱ्या इंजिनाचा काटा खाली येऊ लागला. दांडे जागच्या जागी, तरी जोर कमी. ह्यायनं जोर वाढवला. काटा वर गेला आन पुन्हा खाली. मंग पयलं इंजिनही तसंच. मंग तिसरं खोकललं आन बंद पडलं. मजा म्हणजे विमान खाली आणल्यावर सारी इंजिनं आपोआप नीट झाली, जसं काही झालंच नाई.

"पावसाळा आहे, पेट्रोलात पाणी शिरलं असन," हे म्हणाले. बशीत तसंच होते. दुसऱ्या रविवारी टाक्या साऱ्या तपासून, इंजिनाले वारा देणाऱ्या झडपा पूर्ण उघड्या ठेवून, थंडगार ठेवत ठेवत नेलं. त्याच जागी, तसंच बंद. मुजफ्फरसाहेब शांतपणे म्हणाले, "फोरमनसाहेब, एकच मौका बचा है." ह्यायनं कानाचं यंत्र, तो बोलाचा माइकवाला हेडफोन, काढलं आन म्हणाले, "सिम्युलेटरच बेकार आहे." आजवर कोणत्या गाडीवर असा आळ घेतला नव्हता त्यायनं.

त्या रात्री जेवले नाई. मले म्हणाले, "पुढच्या रविवारी नाई जमलं तर दिव्यानीले हे सामान घेऊन जा म्हणजो. अन् ग्रुपमधूनही निघतो मी. लोकायले काय तोंड दाखवू?" खाट अजून त्याच पंख्याखाली होती. मले ते आठ महिने दिसू लागले डोळ्यापुढं. पास-नापासाचं मले काही नव्हतं हो, पण हा माणूस त्या खाटेवर परत गेला तर दुसऱ्यांदा उठवाले माह्याजवळ काही नव्हतं.

आठवडाभर घरात दुसरा विषय नाई. ताटात वरण वाढता वाढता मी ऐकून राह्यली: पेट्रोलचा दाब बरोबर, ठिणगी बरोबर, तेल बरोबर. कार्बोरेटर म्हणजे काय तेही तीनदा ऐकलं. तिथी पेट्रोल बारीक फवाऱ्यानं हवेत उडते, त्याची वाफ होते, आन ती वाफ इंजिनात जाते. मी हूं हूं करत होती. समजत नाई असं नव्हतं.

शनिवारी दुपारी माह्याकडं एका बारशाची ऑर्डर होती, शंभर ताटं. मोठ्या भट्टीवर भाताचं गंज चढवलं होतं. दोन तास झाले, भट्टी ढिली पडू लागली. मी वाकून पाह्यलं, सिलिंडरले खालून अर्ध्यापर्यंत पांढरं धुकट, बर्फाचा पातळ थर, धरलं होतं. पावसाळ्यात मोठी भट्टी चालली की होतेच ते. मी घमेल्यात कोमट पाणी घेतलं आन सिलिंडर त्यात ठेवला. आन ज्योत पुन्हा उभी राहाची वाट पाहात बसली.

बसल्या बसल्या माह्या डोक्शात काहीतरी लागलं. काटा हळूहळू खाली येते. जोर वाढवला तर थोडा वेळ वर जाते. बंद पडते. ऊब भेटली की आपोआप ठीक.

तेवढ्यात हे चहा मांगाले आत आले, तोंड एरंडेल पिल्यासारखं. मी विचारलं, "अवो, तुमच्या त्या कार्बोरेटरात पेट्रोलची वाफ होते ना? मंग ते थंड होत असन."

"तू भाजी पाय."

"ऐकून तर घ्या. ते गोठत असन. आतमध्ये बर्फ धरत असन."

अव माय! एवढे भडकले की शेजारची कुत्री भुंकली. "बर्फ? इंजिनात बर्फ? चौतीस वर्षं मी या मुलखात इंजिनं उघडली! उकळलेली पाह्यली, फाटलेली पाह्यली, पाणी टाकता टाकता हात भाजून घेतले. इथी उन्हाळ्यात बोनेटवर भाकर भाजाले जमते! अन् तू मले बर्फ सांगते?"

एरवी मी गप्प राह्यली असती. पण त्या दिवशी मलेही राग आला. भट्टीपाशी घामानं न्हाऊन उभी होती मी, आन हा माणूस माह्यावर ओरडून राह्यला! मी ह्यायचा हात धरला आन घमेल्यातल्या सिलिंडरले, पाण्याच्या वर जिथी पांढरं उरलं होतं, तिथी नेऊन ठेवला.

"हे काय आहे मंग? माह्या सासूचं डोक्शं?"

हे हात काढाले गेले आन थांबले. बोटानं खरवडलं. पांढरा चुरा नखात आला, पाणी झाला. बाजूले भट्टीची आग, अंगाले घामाच्या धारा, आन बोटावर बर्फ. मंग हळूच विचारलं, "उन्हाळ्यातही धरते?"

"उन्हाळ्यात एवढा नाई धरत. पावसाळ्यात धरते. हवेत पाणी असते ना."

"एप्रिल-मेमध्ये मी दहादा कलकत्त्याले गेलो," हे स्वतःशीच म्हणाले. "एकदाही बंद नाई पडलं. ढगच नव्हते तेव्हा."

चहा न घेताच गेले. मी भाताखालची आग कमी केली आन मागं मागं गेली. मुजफ्फरसाहेबानं झेरॉक्स करून पाठवलेलं विमानाचं जाडजूड पुस्तक हे चाळून राह्यले होते. एका पानावर थांबले. त्या पानाले ह्यायनं स्वतःच पेनानं काट मारली होती. त्या विमानाले आणखी चार दांडे असतात. इंजिनात जाणारी हवा आधी गरम करून घ्याचे दांडे, कार्बोरेटरात बर्फ धरू नये म्हणून. आमच्या ह्यायनं सारं विमान बनवलं आन तेवढे चार दांडे बनवलेच नाई! म्हणे इंजिनाले आणखी गरम हवा द्याले आपुन काय हिमालयात राह्यतो? थंड मुलखातल्या लोकायचे चोचले आहेत हे. इंजिनाचा दुश्मन एकच, गरमी, हे या मातीत जन्मलेल्या कोणत्याही मिस्त्रीले विचारा, तो तेच सांगन. आन परीक्षेत थंड ठेवत ठेवत ह्यायनं इंजिनाचा गळाच आवळला होता.

"काखेत कळसा," मी म्हटलं. पुढचं म्हटलं नाई, तोंड पाहून दया आली.

"लोखंडाची पट्टी संपली आहे," हे म्हणाले. "कय्यूमभाईचं दुकान आज बंद."

मी स्वयंपाकघरात गेली आन वाढाचे चार लांब डाव आणून देल्ले. स्टीलचे, चांगले, माहेरच्या आंदणातले. ह्यायनं माह्याकडं पाह्यलं. मी म्हटलं, "कापा."

रविवारी दहा वाजता बसले. मी बाजूले स्टूल टाकून बसली. तिकडून स्पीकरवर मुजफ्फरसाहेबाचा आवाज आला, "बिस्मिल्ला करा, फोरमनसाहेब." नागपूरहून उठलो. उठलो म्हणते मी, कारण स्टूल दोन्ही हातानं धरून बसली होती मी. दहा हजार फूट. पडद्यावर सारं पांढरं. रायपूर जवळ आलं आन तिसऱ्याचा काटा हलला. खाली येऊ लागला, अगदी माह्या भट्टीसारखा हळूहळू.

ह्यायनं चारही डाव मागं ओढले.

आन तिसरं इंजिन फाटल्यासारखं ओरडलं! विमान थरथरलं, काटा आणखी खाली गेला, पयलंही खोकलाले लागलं. ह्यायचं तोंड पांढरं पडलं. हात डावांवर होता, तो परत पुढं ढकलाले निघाला. कानाले सवय चौतीस वर्षांची! इंजिन असं ओरडलं की जे आत्ता केलं ते आधी उलटं करा. मी ह्यायच्या हातावर माह्या हात दाबून ठेवला.

"थांबा. बर्फ वितळून पाणी आत जाऊन राह्यलं असन. सिलिंडरलेही टाइम लागते."

"बंद पडन ते, इंदू!"

"नाई पडत. थांबा म्हटलं ना!"

मी मोजू लागली. दहापर्यंत काही नाई. पंधराले आणखी एक खोकला. खरं सांगते, माह्यी खात्री बारालेच संपली होती. पण हात मी काढला नाई. एकवीसले आवाज मोकळा झाला. काटा उठला, उठत उठत जागेवर आला, आन चारही इंजिनं एका सुरात घुमू लागली. हे ऐकत राह्यले. डोळे मिटून, मान एका बाजूले करून, डेपोत ऐकत तसे. किती दिवसांनी पाह्यलं मी ते तोंड!

कलकत्त्याले विमान टेकलं तेव्हा चारही पंखे फिरत होते. मले माह्या खानावळीचं भानही नव्हतं.

मुजफ्फरसाहेब म्हणाले, "मुबारक हो. पास." ग्रुपातले बाकीचे ऐकतच होते, त्यायनं टाळ्या वाजवल्या. मंग साहेबानं विचारलं, "रिपोर्टात लिहा लागते. बिघाड काय होता आन कोणं धरला?"

मी उठून आत जाऊन राह्यली होती. मले माहीत होतं हे काय सांगतीन. सांगू दे म्हटलं. माणूस खाटेवरून उठला, आणखी काय पाह्यजे मले? माह्यं मन खरंच तेवढ्यावर राजी होतं.

"बिघाड माह्या होता," हे म्हणाले.

मी दारातच थांबली. या माणसाच्या तोंडून हे शब्द मी तरी कधी ऐकले नव्हते.

"चार दांडे मीच लावले नव्हते साहेब. इंजिनात बर्फ धरते हे मले ठाऊक नव्हतं, अन् सांगतलं तर मी ऐकत नव्हतो. धरला माह्या मिसेसनं. मंग इंजिन ओरडलं तेव्हा मी दांडे सोडून देत होतो, तेव्हाही माह्या हात तिनंच धरून ठेवला. पास ती झाली. मी बाजूले बसलो होतो."

मंग मुजफ्फरसाहेब म्हणाले, "फोरमनसाहेब, चाळीस वर्षं झाली, अशी रिपोर्ट मले कोणं देल्ली नाई. बाईचं नाव सांगा, लिहून घेतो."

ह्यायनं मागं वळून माह्याकडं पाह्यलं. कानाचं यंत्र काढून माह्यापुढं धरलं. मले एकदम लाज वाटली. हातात कणीक लागलेली नव्हती तरी मी पदराले हात पुसले. साठ ताटं रोज वाढते मी, पण कोणं विचारलं नाई की हे कोणं केलं, नाव सांगा. मी ते यंत्र घेतलं, तोंडापाशी धरलं, आन सांगतलं, "लिहा. इंदुताई गुणवंतराव भांडेकर, गडचिरोली. पूरं लिहा."